लाल फडक्याचे थूल

थूल यांच्याबद्दल मी आजवर दोनदा जाहीरपणे बोललो आहे. एकदा त्यांच्या निरोपसमारंभात आणि एकदा त्यांच्या शोकसभेत. दोन्ही वेळा लोक हसले, काहींचे डोळे भरून आले, आणि नंतर चहा घेताना दोघातिघांनी मला सांगितलं की, साहेब, तुम्ही थूलांना अगदी डोळ्यांपुढे उभं केलंत. मी खोटं काही बोललो नव्हतो. एक गोष्ट सोडून बाकीचं सगळं सांगितलं होतं.

ती एक गोष्ट टाळून मी पुष्कळ वर्षं काढली. गेल्या हिवाळ्यात आमच्या दवाखान्यातल्या जुन्या लोकांचा मेळावा झाला. तिथे एक निवृत्त मेट्रन मला सांगत होती की नव्या नर्सेसना शिकवताना ती अजून थूलांचं उदाहरण देते. "मी म्हणते, पोरींनो, कोणावरही डोळे झाकून भरवसा ठेवू नका. थूलसाहेबासारखा माणूस, थो पण एकदा विसरला होता. लेकराचा पाय भाजला."

मी मान हलवली आणि जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. घरी आल्यावर मात्र झोप लागली नाही. मी आता ऐंशीच्या पुढे आहे. मी गेल्यावर ही मेट्रन जे सांगते तेच खरं होऊन बसेल.

ते खरं नाही. थूल विसरले नव्हते. त्या बाळाच्या पेटीवरचं लाल फडकं मी माझ्या हाताने सोडलं होतं.

आता हे लिहून झालं. पण माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

नामदेव थूल मूळचे नाचणगावचे. वडील दुसऱ्यांच्या शेतावर राबणारे, छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेले, पोरगा शिकलाच पाहिजे म्हणून हट्टाला पेटलेले. पोरगा मॅट्रिक झाला आणि भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. सैन्यात त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा पानाच जास्त राहिला. गाड्या, जनरेटर, वायरलेस, आणि शेवटची काही वर्षं लष्करी इस्पितळातली यंत्रं. तिथेच त्यांनी डिप्लोमा केला. एकाहत्तरची लढाई झाली, नंतर त्यांची मुदत संपली, आणि ते आमच्याकडे आले.

आमचा दवाखाना आर्वीच्या बाजूला, एका धर्मादाय संस्थेचा होता. नाव लिहीत नाही. आता तो त्या रूपात राहिलेलाही नाही. मी तिथे व्यवस्थापक होतो. परदेशातले दाते त्यांच्याकडे जुनी झालेली यंत्रं आम्हांला पाठवत. मोठाल्या लाकडी खोक्यांतून ती पुलगावपर्यंत रेल्वेने येत, पुढे ट्रकने. त्यांच्यावरची अक्षरं आम्हांला वाचता येत नसत, वीज वेगळ्या दाबाची लागे, आणि एखादा सुटा भाग हवा असला तर नमुना पिशवीत घालून नागपूरची दुकानं पालथी घालावी लागत. आमचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, एकदा वैतागून म्हणाले, "मला आणखी सर्जन नको. हे सगळं चालू ठेवणारा माणूस आणा." त्या जागेवर थूल आले. पदाचं नाव इक्विपमेंट इंजिनियर. गावातले लोक विचारत, "दवाखान्यात इंजिनियर कायले पायजे बाप्पा? अजून एक मजला चढवून राह्यले काय?" थूल सांगत, "तुमची माणसं जशी भरती होतात, तशी माझ्याकडे यंत्रं भरती होतात. फरक इतकाच, की त्याईचे नातेवाईक व्हरांड्यात स्वयंपाक करत नाईत."

ठेंगणे, ताठ, डोक्यावर बारीक कापलेले केस. जनरेटरांच्या आवाजाने डावा कान अधू झाला होता, त्यामुळे बोलणाऱ्याकडे ते उजवा कान करत आणि नजर भलतीकडेच असे. नव्या माणसाला वाटे, हे आपल्याकडे लक्षच देत नाहीत. यंत्राचं मात्र त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येई. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. वॉर्डातली लीला सिस्टर म्हणायची, "पाहा, थूलसाहेब फोनवर आहेत."

त्यांचं निदान दर वेळी बरोबरच निघे असं नाही. एकदा हृदयाचा आलेख काढणाऱ्या मशीनवर रेघ सरळ येईना, सगळी थरथर. थूलांनी मशीन उघडलं. एकेक भाग काढून टेबलावर मांडला, वायरिंग तपासलं, भिंतीतलं अर्थिंग खणून काढलं, वीज मंडळाच्या माणसाशी भांडण केलं. परत सगळं जोडलं, परत त्याच म्हाताऱ्या पेशंटवर लावलं, परत थरथर. शेवटी लीला सिस्टरने म्हाताऱ्याच्या अंगावर एक घोंगडी टाकली आणि रेघ सरळ झाली. जानेवारीचा महिना होता. म्हातारा उघड्या अंगाने कुडकुडत होता. ही गोष्ट आम्हांला दुसऱ्या कोणाकडून नव्हे, थूलांकडूनच कळली. कॅन्टीनमध्ये उभं राहून त्यांनी ती साभिनय सांगितली. "मी मशीन खोलून पाहून राह्यलो, अन् बुढा म्हणते, भाऊ, खिडकी तं लावा!"

लाल फडक्याचा नियम त्यांनी आल्याआल्याच लावला. यंत्रात दोष दिसला की त्यावर लाल फडकं बांधायचं. फडकं असेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. आणि ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. सैन्यात दुरुस्तीखालच्या गाडीला पाटी लावतात, त्यावरून त्यांनी ते घेतलं होतं. फडकी त्यांच्या घरूनच येत. कौसल्याबाई, त्यांच्या पत्नी, त्याही नाचणगावच्याच, आर्वीत प्राथमिक शाळेवर शिक्षिका होत्या. रविवारी त्या लाल मांजरपाटाच्या पट्ट्या कापत आणि दोघी मुली चारही बाजूंनी शिवण घालत. शिवण कशासाठी, असं मी विचारलं तर थूल म्हणाले, "धागा निघाला अन् पंख्यात गेला तं? फडक्यानंच मशीन बिघडवली असं व्हाले नको."

सुरुवातीला डॉक्टर लोक चिडायचे. एकदा डोळ्यांच्या ऑपरेशनच्या दिव्याला फडकं होतं आणि बाहेर पेशंट खोळंबलेले. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "थूल, दिवा लागतोय की. काढा ते फडकं. मी सांगतो."

"तुमी सांगू शकता सर. मी काढू शकत नाई."

"मग मी काढतो."

"काढा. मंग उद्यापासून दुरुस्ती तुमीच करजा, डोळे मी तपासतो."

डॉक्टर हसले, पेशंट दुपारपर्यंत थांबले. हळूहळू असं झालं की तोंडी सूचना कोणी लक्षातच ठेवेना. फडकं आहे का? नाही ना? मग चालू करा. आमच्या दवाखान्यात एवढ्या एका बाबतीत कोणालाही कोणाला विचारावं लागत नसे.

हा नियम इतका कडक का, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. सीमेवरच्या एका तळावर एक जनरेटर उघडून ठेवला होता. पाटी लावलेली होती. घाईत कोणीतरी पाटी काढून जनरेटर चालू केला. आत थूलांच्या जोडीदाराचा हात होता. "चार बोटं गेली. कोणी काढली पाटी, थे आजपर्यंत कोनी कबूल नाई केलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "असन कोनीतरी घाबरलेला पोरगा." लढाईबद्दल ते एवढंच बोलले. पंधरा ऑगस्टला आम्ही त्यांना भाषणाला उभं केलं तर म्हणाले, "मी लढलो नाई. लढणाऱ्याईच्या गाड्या चालू ठेवल्या. चहा थंडा होऊन राह्यला, बसा."

घर हा त्यांचा खरा विषय. दोन्ही मुलींच्या जन्माच्या वेळी ते सीमेवर होते. थोरली मित्रा, म्हणजे संघमित्रा, पहिल्यांदा त्यांच्याकडे आली तेव्हा चालत आली, असं ते सांगत. "माझ्याजवळ आली, अन् मले पाहून पळाली. मले म्हणे, हे मामा कोन?" त्यानंतर त्यांनी ठरवून टाकलं होतं की सुटल्यावर घरचं काही चुकवायचं नाही. कौसल्याबाईंची शाळा सकाळची, म्हणून सकाळचा स्वयंपाक यांचा आणि मुलींच्या वेण्याही यांच्याच. त्या वेण्या इतक्या घट्ट असत की दिवसभर एक केस हलत नसे. मित्रा म्हणायची, "बाबा वेणी नाई घालत, केबल वळते." शाळेत बाकीच्या मुली तिच्या वेण्या ओढून पाहत म्हणे.

संध्याकाळी साडेपाचला ते निघत. अडलेलं काम असलं तर थांबत, पण केवळ वरिष्ठ बसले आहेत म्हणून बसून राहणं त्यांना माहीत नव्हतं. एकदा विश्वस्तांची बैठक चालू होती आणि थूल मध्येच उठले. मोठे डॉक्टर म्हणाले, "थूल, ट्रस्टी आलेत."

"हो सर. पण आज मित्राच्या शाळेत नाटक आहे."

"काय काम आहे तिचं?"

"झाड आहे सर."

"झाड?"

"हो. ट्रस्टी पुढच्या महिन्यात परत येतील. मित्रा झाड आजच आहे."

मोठ्या डॉक्टरांनी हात जोडले आणि म्हणाले, "जा बाबा, सावलीत बस." दुसऱ्या दिवशी थूल आल्याआल्या मला म्हणाले, "साहेब, एकदा पण हलली नाई! बाजूचं झाड शिंकलं, पण आपलं झाड नाई हललं."

आता त्या दिवसाचं सांगतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. मित्रा बारावी झाली होती आणि नागपूरला नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुलाखत होती. थूल तिला घेऊन पहिल्या एसटीने जाणार होते. गाव सोडण्यापूर्वी यंत्रांवरून एक फेरी मारायची ही त्यांची पद्धत, तशी त्यांनी पहाटे मारली. कमी दिवसांच्या बाळांना उबेत ठेवायची काचेची पेटी चालू करून पाहिली तर गादीखालची ऊब ठराविक झाल्यावर बंद पडायला हवी, ती बंद पडेना. त्यांनी विजेची पिन काढली, फडकं बांधलं आणि बिघडलेला भाग नमुन्यासाठी सोबत नेण्याइतका वेळ नव्हता म्हणून त्याचा आकडा लिहून घेतला. रात्रपाळीची नर्स तेव्हा आतल्या खोलीत एका बाळंतिणीपाशी होती. मित्रा गेटवर उभी राहून हाका मारत होती. ते गेले.

त्याच दिवशी परदेशातले पाहुणे यायचे होते. ती काचेची पेटी त्यांच्याच संस्थेने दिलेली होती, आणि एका बाईंना तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. सकाळी मी वॉर्डातून शेवटची नजर फिरवली तेव्हा पेटीवर लाल फडकं दिसलं. मला वाटलं, यांनी दिलेली वस्तू आणि तिच्यावर हे लाल निशाण, बरं दिसणार नाही. तासाभराचा प्रश्न होता. मी गाठ सोडली. घट्ट होती, नखं लागली. फडकं घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. पाहुणे गेले की परत बांधू.

पाहुणे उशिरा आले. फोटो झाला, हार झाले, जेवण झालं. मग त्यांच्या गाडीतून मी त्यांना पुलगाव स्टेशनवर पोचवायला गेलो. आगगाडी उशिरा होती. फडकं माझ्या खिशात होतं आणि ते माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

इकडे दुपारी एक बाई दिवस भरण्याआधीच बाळंत झाली. मुलगा, चिमणीएवढा. लीला सिस्टर पाळीवर आली होती. तिने पेटीकडे पाहिलं. फडकं नव्हतं. तिने पिन लावली आणि बाळ आत ठेवलं. थोड्या वेळाने ते वेगळ्याच आवाजात रडायला लागलं तेव्हा तिने झाकण उघडलं. गादी तापली होती. उजव्या पोटरीची कातडी भाजली होती. मूल वाचलं. डाग मात्र राहिला.

मी संध्याकाळी परतलो तेव्हा व्हरांड्यात गर्दी होती. कोणीतरी मला काय झालं ते सांगितलं. ऐकता ऐकता माझा हात खिशात गेला. मी तसाच बॉयलरच्या खोलीकडे गेलो आणि फडकं आगीत टाकलं. त्यावेळी मी काही ठरवलेलं नव्हतं. मी घाबरलो होतो. याहून मोठं कारण शोधू नये, मीही शोधत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत आम्ही बसलो. लीला सिस्टर रडून रडून सुजली होती. एवढंच म्हणत होती, "फडकं नव्हतं सर. माझ्या लेकराची शपथ. असतं तं मी हात लावला असता काय?"

"नव्हतं," मोठे डॉक्टर म्हणाले. "तुझ्यावर कोणी संशय घेत नाही. थूल?"

थूल नागपूरहून रात्री आले होते. नवा भाग त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेला होता. "मी बांधलं होतं सर."

"नक्की?"

"हो."

"आठवतं तुम्हांला? गाठ मारल्याचं?"

आणि इथे थूल थांबले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण प्रश्नावर थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते लीला सिस्टरकडे पाहत होते. ती खोटं बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. फडकं दुसरं कोणी सोडेल, ही शक्यता त्यांच्या मनात आली असेल असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांत तसं कोणी केलं नव्हतं.

मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे वळून विचारलं, "सकाळी तुम्ही वॉर्डात होतात. पेटीवर फडकं पाहिलंत?"

मी म्हणालो, "पाहुण्यांच्या गडबडीत लक्ष नव्हतं, सर."

मी बोललेलं खोटं ते हे वाक्य.

थूल हळूच म्हणाले, "पोरगी गेटवरून आवाज देऊन राह्यली होती. बस सुटन म्हणून जीव वरखाली होता. पिन काढली हे आठवते. फडकं... घरचं डोक्यात होतं सर. राहून गेलं असन."

"माणूस आहे, होतं असं," मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी थूलांवर काहीही कारवाई केली नाही. वर कोणाला कळवलंही नाही. दारापर्यंत येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. थूलांना नोकरीवरून काढलं असतं तर ते कदाचित भांडले असते, कोणाकोणाला विचारलं असतं. न केलेल्या गोष्टीची त्यांना माफी मिळाली, आणि त्यांनी ती मान खाली घालून घेतली.

कॅन्टीनमध्ये आमच्या हिशेबनिसाने चहा ढवळत म्हटलं, "मिलिटरीतून आला म्हणून काय झालं, शेवटी..." त्याने वाक्य पूर्ण केलं नाही. आमच्याकडे ते पूर्ण करावं लागत नाही. टेबलावरच्या सगळ्यांना ते कळलं. मलाही कळलं, आणि मी चहा संपवला.

त्यानंतर थूल साडेपाचला निघेनासे झाले. सगळी यंत्रं पाहून व्हायची, टोपी घालायची, गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. बांधलेलं फडकं ओढून पाहायचं. पुन्हा गेट. फडकं बांधताना ते आता कोणाला तरी जवळ बोलवत. "सिस्टर, पाहा बरं, बांधलं ना मी?" सिस्टर म्हणायच्या, "बांधलं, बांधलं." पहिल्यांदा पहिल्यांदा त्या हसायच्या. धाकटीच्या गॅदरिंगला ते गेले नाहीत. तिच्या वेण्या आता तिची तीच घालू लागली.

एकदा कौसल्याबाई माझ्या ऑफिसात आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, तुमाले एक सांगाचं होतं. थे विसरणारे माणूस नाईत. मले माहीत आहे. पण माझं आयकत नाईत. म्हणतात, घरच्या मायेपायी एका लेकराले डाग लागला. पोरीईशी बोलनं कमी केलं त्याईनं. मित्रा नागपूरवरून आली तं तिच्यासमोर नाई बसत. पोरगी मले विचारते, माई, माझं काय चुकलं?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले.

"तुमचं आयकतील थे. तुमाले लय मानतात. तुमी सांगून पाहा ना."

मी म्हणालो, "सांगतो."

आणि सांगितलं. दुपारी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो, स्टुलावर बसलो, आणि म्हणालो, "थूल, झालं ते झालं. आता विसरा. चूक कोणाच्याही हातून होते." कौसल्याबाईंनी मला ज्यासाठी पाठवलं होतं त्याच्या नेमकं उलट बोलून मी परत आलो. थूल म्हणाले, "तुमी मोठ्या मनाचे आहा साहेब."

मुदत शिल्लक असतानाच त्यांनी निवृत्ती घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, "हाताचा भरवसा नाई राह्यला." निरोपाच्या समारंभात भाषण मी केलं. थरथरणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, न हललेल्या झाडाची सांगितली. खूप हशा झाला. थूलही हसले.

ते नाचणगावला राहायला गेल्यावर दोनेक वर्षांनी, ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा, मी त्यांच्याकडे गेलो. सांगायचं असं ठरवून गेलो होतो. एसटीत बसल्यावर वाक्यं मनात जुळवली होती. कौसल्याबाई मित्राच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच. याहून चांगली वेळ मिळाली नसती.

"या या साहेब! काऊन कळवलं नाई? कळवलं असतं तं स्टँडवर आलो असतो." त्यांनी चहा ठेवला. शेगडी बंद केली, कप आणले, बसले, आणि उठून शेगडी पाहून आले. मित्राला मुलगी झाली होती. "केस आहेत पोरीच्या डोक्यावर. आजच वेणी घालता येते जवळपास." हे म्हणताना ते पूर्वीसारखे दिसले. मग पुन्हा उठून शेगडी पाहून आले.

मी म्हणालो, "थूल, मला त्या पेटीबद्दल बोलायचं आहे."

"सांगतो ना तुमाले," ते म्हणाले. त्यांना वाटलं मी विचारतो आहे. "मी गेलतो थ्या पोराच्या गावाले. निवृत्त झाल्यावर पह्यलं काम थेच केलं. त्याची माय अंगणात तूर निवडून राह्यली होती. म्हटलं, बाई, तुह्या पोराचा पाय भाजला थो माझ्या चुकीनं. माझ्याकडून राहून गेलं. मले माफ कर. थे बाई पाहतच राह्यली. मंग म्हणे, पोरगं जितं आहे ना भाऊ, बसा, पानी पेता काय? पोरगं तिकडे धावून राह्यलं होतं साहेब. डाग आहे, पण धावते. तवापासून मी दर वर्षी जाऊन येतो."

मी कप खाली ठेवला. जी माफी मी मागायची ती त्यांनी माझ्याऐवजी मागून टाकली होती. मला पटकन असं वाटलं की झालं, मिटलं, त्यांच्या मनावरचं उतरलं आहे. आता सांगून त्यांना कशाला पुन्हा त्रास द्या. ही पळवाट मला फार पसंत पडली. मी ती मनाशी पक्की करत होतो तोच ते शेगडी पाहायला पुन्हा उठले.

संध्याकाळच्या गाडीला ते मला सोडायला निघाले. बाहेर येऊन त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं. आम्ही रस्त्याला लागलो. कपाशीच्या भावाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. थांब्यावर पोचलो तेव्हा त्यांचं बोलणं तुटक झालं होतं. उजवा कान माझ्याकडे करून, नजर घराच्या दिशेला ठेवून त्यांनी विचारलं, "साहेब, कुलूप लावलं ना मी?"

"लावलंत."

"तुमी पाह्यलं?"

"माझ्या डोळ्यांदेखत लावलंत थूल. ओढूनही पाहिलंत."

"बस, मंग झालं," ते म्हणाले. थोडं हसले. थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी गाडी धरा साहेब. मी एकदा पाहून येतो. येजा परत." आणि ते वळले.

एसटी आली. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. ते रस्त्याच्या कडेने घराकडे चालले होते, ताठ, भराभर. गाडी त्यांच्याजवळून जाणार होती. खिडकी उघडी होती. हाक मारली असती तर उजव्या बाजूने ऐकू गेली असती. वाक्य तयार होतं, फार लांबही नव्हतं: थूल, तुम्ही फडकं बांधलं होतं, सोडलं मी, मला माफ करा.

कंडक्टरने विचारलं, "कुठं?"

मी म्हणालो, "आर्वी. एक."